‘अनलिमिटेड’ लिहिण्याआधी आकडा मोजा



आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा परवा रात्री फोन आला. ताई घरून साड्या विकतात. दर शनिवारी रात्री साडेआठला फेसबुकवर लाइव्ह येतात, साडी उलगडून दाखवतात, काठ-पदर कॅमेऱ्याजवळ नेतात आणि ऑर्डर तिथेच बुक करतात. आठवड्याची निम्मी विक्री या एका तासात होते. त्या दिवशी नऊला पाच कमी असताना चित्र थांबलं. “ताई, आवाज येत नाहीये”, “ताई, अडकलंय” असे चार-पाच मेसेज आले आणि मग तेही यायचे थांबले. ताई मला म्हणाल्या, “सर, माझा पॅक अनलिमिटेड आहे हो! मग नेट गेलं कसं?”

नेट गेलं नव्हतं. पॅकवर ‘अनलिमिटेड’ लिहिलं होतं हे खरं, पण पूर्ण वेगाचा डेटा रोज दीड जीबी एवढाच होता. दुपारी ताईंनी तीन रील टाकल्या होत्या आणि मुलाने थोडा वेळ व्हिडिओ बघितले होते. साडेआठला लाइव्ह सुरू झालं तेव्हा दीड जीबीमधलं थोडंच उरलं होतं. ते संपल्यावर वेग आला ६४ केबीपीएसवर. ‘आजचा डेटा संपला’ असा मेसेजही फोनवर येऊन पडला होता. पण हातात साडी आणि समोर गिऱ्हाईक असताना मेसेज कोण वाचतंय?

एक छोटं डेटा व्हाउचर मारलं असतं तर लाइव्ह वाचलं असतं. ताईंना ते सुचलं नाही, कारण त्यांच्या डोक्यात एकच शब्द पक्का होता, अनलिमिटेड. ज्याला मर्यादा नाही ते संपेल कसं?

आज याच शब्दाबद्दल बोलायचंय. मोबाइल कंपन्यांना शिव्या घालण्यासाठी हा लेख नाही. माझं म्हणणं सरळ आहे. मर्यादा घालणं ही चूक नाही. मर्यादा असताना ‘अनलिमिटेड’ म्हणणं आणि मग गुपचूप हात आखडता घेणं, ही चूक आहे. आणि ही चूक फक्त मोठ्या कंपन्या करत नाहीत. तुमच्यातले बरेच जण पहिल्याच पॅम्फ्लेटवर ती करतात.

आधी कंपनीची बाजू समजून घ्या

मोबाइल टॉवर म्हणजे गावातली पाण्याची टाकी समजा. टाकी एक, नळ अनेक. सकाळी सहाला सगळ्यांनी एकदम नळ सोडले की धार बारीक होते. टॉवरचंही तसंच आहे. कंपनीकडे जेवढं स्पेक्ट्रम आहे तेवढीच त्या टॉवरची क्षमता, आणि ती त्या भागातल्या सगळ्यांत वाटली जाते. संध्याकाळी सगळे एकदम व्हिडिओ बघायला बसले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतं.

त्यात दहा माणसांनी दिवसभर पिक्चर डाउनलोड करत ठेवले, तर बाकीच्या शंभरांची गैरसोय होते. म्हणून कंपनी नियम करते की ठरावीक वापरापर्यंत पूर्ण वेग आणि त्यानंतर कमी वेग. याला ‘फेअर यूज पॉलिसी’ म्हणतात, आपल्याकडे सगळे नुसतं एफयूपी म्हणतात. धंदा म्हणून बघितलं तर यात गैर काहीच नाही. कोणताही व्यवसाय आपल्या क्षमतेबाहेर माल देऊ शकत नाही.

पण ६४ केबीपीएस म्हणजे नेमकं काय, हे एकदा कागदावर मांडून बघा. ६४ किलोबिट म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. एक एमबीची फाइल जायला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. मालाचा तीन एमबीचा फोटो गिऱ्हाईकाला पाठवायला सहा मिनिटं. शंभर एमबीचा व्हिडिओ टाकायला साडेतीन तास. हे सगळं मध्ये काही न तुटता गेलं तर. कागदोपत्री नेट चालू आहे, पण धंद्याच्या दृष्टीने ते बंदच.

म्हणून मी म्हणतो, ‘संपल्यावर वेग कमी होईल’ हे वाक्य अर्धवट आहे. किती कमी होईल आणि त्या वेगात काय करता येणार नाही, हे सांगितलं तरच माहिती पूर्ण होते.

अमेरिकेतला खटला प्रत्येक उद्योजकाने वाचावा असा आहे

एटी अँड टी ही अमेरिकेतली अवाढव्य टेलिकॉम कंपनी. आयफोन नवा होता तेव्हा सुरुवातीची काही वर्षं तिथे तो फक्त याच कंपनीच्या नेटवर्कवर मिळायचा. त्या काळात कंपनीने अनलिमिटेड डेटाचे प्लॅन जोरात विकले. २०१० मध्ये नव्या ग्राहकांसाठी हा प्लॅन बंद केला, पण जुन्यांना तो चालू ठेवू दिला. ‘तुमचा अनलिमिटेड प्लॅन सुरक्षित आहे’ म्हटल्यावर बरेच जण तो धरून बसले.

२०११ पासून कंपनीने या ग्राहकांपैकी जास्त वापर करणाऱ्यांचा वेग कमी करायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपनीवर दावा ठोकला. कमिशनचं म्हणणं होतं की काही ग्राहकांचा वेग महिन्यात फक्त २ जीबी वापरल्यावर कमी केला गेला, काही वेळा तो ८० ते ९० टक्क्यांनी घटला आणि अशा ग्राहकांची संख्या ३५ लाखांच्या वर होती. शिवाय कंटाळून करार मध्येच मोडायचा तर दंड भरावा लागायचा.

कंपनीने हा खटला बराच ताणला. कमिशनला आमच्यावर खटला चालवायचा अधिकारच नाही, असाही मुद्दा काढला. तो वाद अपील कोर्टात गेला आणि २०१८ मध्ये निकाल कमिशनच्या बाजूने लागला. शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये ६ कोटी डॉलर देऊन कंपनीने तडजोड केली.

आता यातलं मुख्य बघा. त्या तडजोडीत कंपनीला वेग कमी करायला बंदी घातली गेली का? नाही! बंदी आली ती न सांगण्यावर. डेटाचा वेग किंवा प्रमाण याबद्दल काहीही दावा करायचा असेल, ‘अनलिमिटेड’ हा शब्द वापरायचा असेल, तर त्यावरची महत्त्वाची बंधनं ठळकपणे सांगायलाच हवीत. बारीक अक्षरात नको आणि लिंकच्या मागे लपवून नको. म्हणजे मर्यादा चालेल, लपवाछपवी चालणार नाही.

६ कोटी डॉलरला ३५ लाखांनी भागा. माणशी सरासरी १७ डॉलर येतात. त्या वर्षी या कंपनीची उलाढाल १८० अब्ज डॉलरच्या वर होती. तिला हा दंड मुंगी चावल्यासारखा. पण तुमची उलाढाल किती आहे? मोठी कंपनी पाच वर्षं कोर्टात भांडू शकते आणि ग्राहक गेले तर जाहिरातीवर पैसा ओतून नवे आणू शकते. तुमच्याकडे गल्लीतले दोनशे ग्राहक आणि त्यांनी केलेली तोंडी जाहिरात एवढंच भांडवल असतं. त्यातला एक जरी “तिथे जाऊ नका, बोलतात एक आणि देतात दुसरं” असं म्हणाला, तर त्यावर अपील नसतं.

आग विझवणाऱ्यांचं नेट मंदावलं तेव्हा

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातलं, २०१८ च्या उन्हाळ्यातलं. मेंडोसिनो कॉम्प्लेक्स नावाचा भीषण वणवा पेटला होता. सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाने समन्वयासाठी एक खास गाडी तिथे पाठवली होती. कुठे किती माणसं आहेत, कुठे काय हवंय, हे सगळं त्या गाडीतल्या इंटरनेटवर चालत होतं. कनेक्शन व्हेरायझन कंपनीचं आणि प्लॅन, अर्थातच, अनलिमिटेड.

महिन्याची ठरलेली मर्यादा ओलांडली आणि वेग आला आधीच्या दोनशेव्या भागावर. गाडीतली यंत्रणा जवळजवळ निकामी झाली. दलाच्या माणसांनी कंपनीला ईमेल लिहिले की आम्ही वणव्यावर आहोत, वेग वाढवा. उत्तर आलं ते वरचा प्लॅन घेण्याबद्दल. शेवटी दुपटीहून जास्त महाग, ९९.९९ डॉलरचा प्लॅन घ्यावा लागला, तेव्हा वेग परत आला. हे सगळं दलाच्या प्रमुखांनी कोर्टात सादर केलेल्या निवेदनात आलं आणि देशभर आरडाओरड झाली. कंपनीने मान्य केलं की आमच्या ग्राहक सेवेकडून चूक झाली. आणीबाणीत वेगाचं बंधन काढायचं असं आमचं धोरण होतं, ते इथे पाळलं गेलं नाही.

यातून दोन धडे घ्या. पहिला धडा ग्राहक म्हणून. दलाचं काम गंभीर होतं, पण प्लॅन संपल्यावर काय होईल याची तयारी आधीच झालेली नव्हती. दुसरा धडा विक्रेता म्हणून. ग्राहक अडचणीत असताना त्याला वरचा प्लॅन विकायला जाऊ नका. त्या क्षणी पैसे मिळतीलही, पण ती आठवण कायम राहते.

आपल्याकडे काय स्थिती आहे

आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटाचं गणितच बदललं. आधी महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरणारे आपण रोज एक-दीड जीबी वापरायला लागलो. ‘रोज इतके जीबी, त्यानंतर अनलिमिटेड पण कमी वेगाने’ ही पद्धत तेव्हापासून अंगवळणी पडली. अमेरिकेतल्या जुन्या प्रकरणाशी तुलना केली तर एक गोष्ट बरी आहे. आपल्या पॅकवर रोजचा जीबीचा आकडा लिहिलेला असतो. तरी मोठ्या अक्षरात ‘अनलिमिटेड’ आणि बारीक अक्षरात ‘६४ केबीपीएस’ हा प्रकार आहेच. ‘अनलिमिटेड’ पॅकमध्ये एसएमएस मात्र रोज १०० च असतात, हे किती जणांनी बघितलंय?

नियमांचं म्हणाल तर ट्राय या नियामक संस्थेने २०१६ मध्ये ब्रॉडबँड कंपन्यांना निर्देश दिले होते. मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती, हे ग्राहकाला स्पष्ट सांगा, आणि घरच्या वायरवाल्या ब्रॉडबँडचा वेग मर्यादेनंतरही ५१२ केबीपीएसच्या खाली आणू नका. हा ५१२ चा नियम वायरच्या कनेक्शनसाठी होता, मोबाइलसाठी नाही. धंद्यासाठी कनेक्शन निवडताना हा फरक लक्षात ठेवा.

५जीचंही तेच. सुरुवातीला स्वागताची ऑफर म्हणून अनलिमिटेड ५जी मुक्तहस्ते दिलं. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा जिओ आणि एअरटेलने ते रोज २ जीबी किंवा त्याहून वरच्या पॅकपुरतं ठेवलं. दर बदलणं हा कंपनीचा हक्क आहे. पण ज्यांनी आपला धंदा त्या ‘अनलिमिटेड’वर उभा केला होता त्यांना नवा हिशोब करावा लागला. दुसऱ्याच्या ऑफरवर आपला पाया घालू नये, तो यासाठीच.

आता तुमच्या पॅम्फ्लेटकडे वळू

पुण्यात शिकायला राहिलेल्या कुणालाही विचारा. मेसच्या बोर्डावर लिहिलेलं असतं ‘अनलिमिटेड पोळ्या’. पहिल्या चार पोळ्या गरमागरम, मागायच्या आत ताटात. पाचवी मागितली की वाढपी म्हणतो “आणतो” आणि आत जातो. सहावी मागावी तर तो तुमच्या टेबलाकडे बघतच नाही. पोळी बंद झालेली नाही, फक्त उशिरा येते. तोवर भाजी संपते, भूक मरते आणि तुम्ही उठून हात धुता.

मित्रांनो, हेच थ्रॉटलिंग! वेग कमी करणं म्हणजे दुसरं काही नाही. मालकाने ‘नाही’ म्हटलं नाही, पण दिलंही नाही. आणि गिऱ्हाईकाला हे कळतं. तो वाद घालत नाही, पुढच्या महिन्यात मेस बदलतो. मालक बसतो विचार करत की रेट तर कमी आहे, मग पोरं का गेली?

आता हिशोब करू. समजा मेसमध्ये ४० मेंबर आहेत, महिना ३,००० रुपये, दोन वेळ जेवण. मालकाने माणशी चार पोळ्या धरल्या, म्हणजे एका वेळेला १६० पोळ्या. प्रत्यक्षात ३५ जण चार खातात आणि पाच दणकट गडी नऊ-नऊ खातात. १४० अधिक ४५, झाल्या १८५. म्हणजे २५ पोळ्या जास्त. पोळीचा खर्च मजुरीसकट ४ रुपये धरला तर एका वेळेला १०० रुपये, महिन्यातल्या ६० वेळांचे ६,००० रुपये.

६,००० ऐकून मालक घाबरतो आणि वाढप्याला हळूच सांगतो, “जरा दमानं वाढ.” पण ६,००० ला ४० ने भागा. माणशी १५० रुपये. त्याने दर ३,१५० ठेवला असता तर खरोखरच अनलिमिटेड पोळ्या वाढता आल्या असत्या, हसत हसत! नाहीतर बोर्डावर लिहायचं, ‘५ पोळ्या ताटात, पुढची प्रत्येक पोळी ५ रुपये’. दोन्ही मार्ग सचोटीचे आहेत. तिसरा मार्ग, म्हणजे बोर्डावर अनलिमिटेड आणि ताटात उशीर, हा तोट्याचा आहे. कारण त्यात तुम्ही १०० रुपये वाचवण्यासाठी ३,००० चा मेंबर घालवता.

हे फक्त मेसपुरतं नाही. बघा, यातलं कोण तुम्ही आहात:

लोगो बनवणारा लिहितो ‘अनलिमिटेड चेंजेस’. चौथ्या बदलानंतर तो फोन उचलत नाही.

क्लासवाला लिहितो ‘अनलिमिटेड डाऊट सॉल्व्हिंग’. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर दोन दिवस निळी टिक येत नाही.

एसी दुरुस्तीवाला वार्षिक करारात लिहितो ‘वर्षभर कितीही वेळा सर्व्हिस’. मे महिन्यात फोन केला की “परवा येतो”, आणि तो परवा जूनमध्ये उजाडतो.

यातल्या कुणाचीही नियत वाईट नसते. शब्द टाकताना कुणी मोजलेलं नसतं, एवढंच.

“सर, पण सगळेच तसं लिहितात!”

हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये येतो. “शेजारचा अनलिमिटेड लिहितो. मी ‘५ पोळ्या’ लिहिलं तर गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल.” प्रश्न खरा आहे, टाळण्यासारखा नाही. काही गिऱ्हाइकं जातीलही.

पण कोण जाईल याचा विचार करा. ज्याला नऊ पोळ्या लागतात तो जाईल. ज्याला चार लागतात त्याला तुमच्या आकड्याने काय फरक पडतो? उलट त्याला शेजारपेक्षा तुमच्याकडे गरम पोळी वेळेवर मिळते. महिनाभरात त्याला कळतं की शेजारचं अनलिमिटेड हे बोर्डापुरतं आहे. आकडा लिहिल्याने तुमच्याकडे तुम्हाला परवडणारं गिऱ्हाईक येतं, हा आकड्याचा फायदा. तोटाही सांगतो. पहिले दोन-तीन महिने चौकशा कमी येतील आणि तेवढा दम धरायची तयारी हवी. ती नसेल तर दर वाढवून खरं अनलिमिटेड द्या. पण मधला चोरटा मार्ग नको.

आणि कायदाही आता तुमच्या बाजूने नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जून २०२२ मध्ये जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यात सांगितलंय की अट ही मुख्य दाव्याच्याच भाषेत हवी, अक्षरही तसंच हवं, आणि अटीच्या आडून महत्त्वाची माहिती लपवता येणार नाही. म्हणजे वर मराठीत मोठ्ठं ‘अनलिमिटेड’ आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत ‘अटी लागू’, हे चालत नाही. छोट्या दुकानावर लगेच धाड पडेल असं मी म्हणत नाहीये. पण धंदा वाढवायचाय ना? मग सवय पहिल्या दिवसापासून चांगली लावा.

लिहायचं कसं?

ऑफर छापायला देण्याआधी चार प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा.

१. सर्वात जास्त वापरणारं गिऱ्हाईक किती वापरेल? सरासरी काढा, पण या माणसालाही मोजा.

२. सगळे एकाच वेळी आले तर मला झेपेल का? मेसला रविवारची दुपार, एसीवाल्याला मे महिना, क्लासला परीक्षेचा आठवडा. तुमचा टॉवर तेव्हाच भरतो.

३. मर्यादा संपल्यावर नेमकं काय होईल? थांबेल, जादा पैसे लागतील की उशीर होईल? उशीर होणार असेल तर किती?

४. हे मी गिऱ्हाईकाला तोंडावर, एका वाक्यात, न अडखळता सांगू शकतो का? नसेल सांगता येत, तर ऑफर बदला.

मग वाक्यं अशी होतात. लोगोवाल्याने लिहावं: “४,००० रुपयांत लोगो आणि ३ बदल. पुढचा प्रत्येक बदल ३०० रुपये. प्रत्येक बदल २ दिवसांत.” क्लासवाल्याने लिहावं: “रोज संध्याकाळी ७ ते ८ शंका विचारा. परीक्षेच्या आठवड्यात ७ ते ९.” एसीवाल्याने लिहावं: “वर्षात ३ सर्व्हिस. बिघाडाची तक्रार आली की ४८ तासांत माणूस येईल, एप्रिल-मे मध्ये ७२ तासांत.” यात कुठेही ‘अनलिमिटेड’ नाही, तरी वाचणाऱ्याला जास्त भरवसा वाटतो. कारण माणसाने आकडा दिलाय म्हणजे त्याने विचार केलाय.

आणि मर्यादा जवळ आली की आधी सांगा. “दादा, हा तुमचा तिसरा बदल, पुढच्याला पैसे लागतील” हे वाक्य तिसऱ्या बदलाच्या वेळी गोड लागतं, चौथ्यानंतर भांडण होतं.

आणि ग्राहक म्हणून तुमचा फोन

धंदा मोबाइलवर चालत असेल तर आज रात्री एवढं करा.

पॅकची पूर्ण माहिती उघडा आणि दोनच गोष्टी शोधा: रोजचा डेटा किती आणि तो संपल्यावर वेग किती. कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा.

लाइव्हचा खर्च मोजा. साधारण अडीच एमबीपीएसने लाइव्ह केलं तर एका तासाला १.१ जीबीच्या आसपास डेटा जातो. दीड जीबीच्या पॅकमध्ये दुपारच्या रील आणि रात्रीचं लाइव्ह दोन्ही बसत नाही, हे आकडाच सांगतो.

धंद्याचं सिम वेगळं ठेवा. ते मुलांच्या हातात देऊ नका. शक्य असेल तिथे घरी वायरचं ब्रॉडबँड घ्या आणि मोबाइल डेटा आधाराला ठेवा. लाइव्हच्या आधी शिल्लक डेटा बघा, कमी असेल तर व्हाउचर आधीच मारा.

आणि सांगितलेली मर्यादा संपायच्या आतच वेग पडत असेल तर गप्प बसू नका. तारीख, वेळ आणि स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट ठेवा. कंपनीकडे तक्रार करा, तक्रार क्रमांक घ्या, समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथेही सल्ला मिळतो.

त्या साडीवाल्या ताईंचं पुढे काय झालं ते सांगतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सरळ लिहिलं, “काल माझा डेटा संपला, माझं चुकलं, मंगळवारी पुन्हा लाइव्ह घेते.” आता त्या लाइव्हसाठी वेगळं सिम वापरतात. आणि एक गोष्ट त्यांनी स्वतःहून केली. त्यांच्या पेजवर ‘साडी आवडली नाही तर कधीही बदला’ असं लिहिलेलं होतं. ते काढून त्यांनी लिहिलं, ‘७ दिवसांत, घडी न मोडलेली साडी, एकदा बदलून मिळेल’. मी विचारलं, का बदललं? म्हणाल्या, “सर, माझंही अनलिमिटेडच होतं की ते.”

तुमचा गृहपाठ हाच. आपलं पॅम्फ्लेट, व्हॉट्सॲपचं स्टेटस आणि दुकानाचा बोर्ड समोर घ्या. ‘अनलिमिटेड’, ‘कितीही’, ‘कधीही’, ‘लाइफटाइम’ हे चार शब्द शोधा आणि प्रत्येकासमोर एक आकडा लिहा. आकडा परवडत असेल तर तो छापा. परवडत नसेल तर शब्द खोडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, मोजून करा!